मोडकी भाकरी शिकवणारीच्या ताटात

शाळेत माझ्या कंपासपेटीत दोन खोडरबर असायचे. एक वापरायचा आणि दुसरा पहिला हरवला तर. डहाणू रोडच्या इंग्रजी शाळेत पूर्ण पान बिनचूक असलं की बाई वहीच्या कोपऱ्यात लाल शाईने चांदणी काढत. त्या चांदणीसाठी मी इतकं खोडायचे की कागद झिजून मागच्या पानावरची अक्षरं दिसायला लागायची. तरीही चूक राहिलीच, तर घरी येऊन ते पान टाचणीतून अलगद सोडवायचे आणि नव्या कागदावर सगळं पुन्हा लिहायचे. माझ्या तेव्हाच्या वह्या कोणी चाळल्या तर त्याला वाटेल, ही मुलगी शाळेत काही शिकलीच नाही, हिला सगळं आधीपासूनच येत होतं.

बाईही तेच म्हणायच्या. पालकसभेत त्या बाबांना म्हणाल्या, "हिला काही शिकवावं लागत नाही. उपजतच आहे." बाबांनी ते वाक्य घरी येताना आईला सांगितलं, मग आत्याला फोन करून सांगितलं. मी मागे उभी राहून ऐकत होते. मला फार बरं वाटलं होतं. पण त्या वाक्याला दुसरी बाजू होती आणि ती मी स्वतःच शोधून काढली होती. जे उपजत येत नाही, ते आपल्याला कधीच येणार नाही. म्हणून पहिल्या फटक्यात जमलं नाही ते मी सोडून देत गेले. सायकल सोडली, पेटी सोडली, बाजारात सगळीकडे दिसणारी गुजराती लिपी सोडली. कोणी विचारलं तर "मला आवडत नाही" असं सांगायचे. लाजरी मुलगी म्हणून सगळे गप्प बसत. लाजरेपणाचा असा मला पुष्कळ उपयोग झाला.

२०१६ मध्ये मी पदवीधर झाले. बाबा सरकारी कार्यालयात कारकून होते. त्यांनी बँकेच्या परीक्षेची जाड पुस्तकं आणून दिली. मी ती रोज उघडायचे. जे येत होतं ते पुन्हा पुन्हा सोडवायचे, जे येत नव्हतं ती पानं उलटून पुढे जायचे. परीक्षेचं केंद्र पालघरला आलं. त्या दिवशी आईने डबा दिला, बाबा स्टेशनपर्यंत सोडायला आले. ते परत फिरल्यावर मी गाडी समोरून जाऊ दिली. मग बाहेर येऊन रिक्षा केली आणि पारनाक्याला समुद्रावर गेले. संध्याकाळपर्यंत सुरूच्या झाडांखाली बसले. घरी येऊन सांगितलं, "पेपर कठीण होता." निकालात माझं नाव नव्हतं, आणि कोणी त्यावर काही बोललं नाही.

त्यानंतरचं वर्ष मी जवळजवळ न बोलता काढलं.

आत्या तलासरी तालुक्यात झरीजवळच्या उपकेंद्रात नर्स होती. पाड्यांवर सगळे तिला सिस्टर म्हणत. २०१७ च्या पावसाळ्यात ती घरी आली आणि आईसमोरच मला म्हणाली, "तू घरात बसून बसून भिंतीच्या रंगाची होत चाललीयस. आठवड्यातून दोन दिवस माझ्याबरोबर चल. एकीला इंग्रजी शिकवायचंय."

"मला शिकवता येत नाही," मी म्हणाले.

"तिलाही शिकता येत नाही. जोडी जमेल."

ती म्हणजे एका पाड्यावरच्या अंगणवाडीची मदतनीस. अंगणवाडीत दोन बायका असतात. सेविका मुलांना शिकवते, नोंदी ठेवते. मदतनीस मुलांना घरून गोळा करून आणते, खिचडी शिजवते, झाडलोट करते. ही नऊ वर्षं खिचडी शिजवत होती. तिथल्या सेविकाबाई पुढच्या पावसाळ्यात निवृत्त होणार होत्या. मदतनीस दहावी पास असेल तर ती जागा तिला मिळू शकत होती. हिची शाळा आठवीत लग्नामुळे सुटलेली. वय एकोणतीस. बाहेरून दहावीला बसणाऱ्यांसाठी जो सतरा नंबरचा फॉर्म असतो, तो तिने भरला होता. बाकीचे विषय गावातले एक गुरुजी घेणार होते. इंग्रजीला मात्र कोणी नव्हतं.

मंगळवारी आणि शुक्रवारी मी शेअर जीपने तलासरीपर्यंत जायचे, तिथून आत्याच्या स्कूटरवर मागे बसून पाड्यावर. दुपारी अंगणवाडी सुटली की तिच्या घराच्या ओट्यावर आमचा वर्ग भरायचा. ती माझ्याहून सात वर्षांनी मोठी, पण मला मॅडम म्हणायची. मी तिला ताई म्हणायचे. आत चुलीपाशी तिची सासू असायची. म्हातारी म्हणावी इतकं वय नव्हतं तिचं, पण तिचा आवाज आतून बाहेर येताना घरातल्या सर्वांत जुन्या माणसाचा वाटायचा.

पहिले दोन महिने ताईने मला थक्क केलं. तिला जवळजवळ काहीच येत नव्हतं आणि त्याचं तिला काहीच वाटत नव्हतं. वाचताना ती शब्दाला अडखळली की तिथे थांबायची नाही. स्वतःचा काहीतरी उच्चार करून पुढे जायची आणि मग मान वर करून विचारायची, "असाच ना?" तसा नसायचाच. ती मोठ्याने हसायची, पुन्हा म्हणायची. एका पानावर वीस चुका असायच्या, पुढच्या खेपेला बारा. त्या बारांतल्या आठ नव्या असायच्या.

मला हे बघवायचं नाही. म्हणून मी तिला माझ्याजवळचं सगळ्यांत चांगलं जे होतं ते दिलं. दुसरा खोडरबर दिला. लाल पेन नेलं. आणि एके दिवशी तिने सरपंचांना पाण्याच्या टाकीबद्दल लिहिलेलं छोटं पत्र बिनचूक उतरलं, तेव्हा कोपऱ्यात चांदणी काढून तिला म्हणाले, "ताई, तुम्ही उपजतच हुशार आहात."

ती त्या चांदणीकडे बराच वेळ बघत राहिली. मग आत जाऊन सासूला दाखवून आली. दुसऱ्या दिवशी तिने ती सेविकाबाईंना दाखवली, आत्यालाही दाखवली. पुढच्या खेपेला परतीच्या वाटेवर आत्या मला म्हणाली, "तुझ्यात मास्तरीण लपलेली होती की गं."

त्यानंतर तिच्या वहीत चुका कमी होत गेल्या. दिवाळीपर्यंत प्रत्येक पानाला चांदणी होती. ओट्यावरचं हसणं थांबलं होतं, ते माझ्या लक्षात आलं नाही. ती वाचायला सुरुवात करण्याआधी खाकरायची आणि म्हणायची, "आज घसा बसलाय." मीच वाचून दाखवायचे. "असाच ना?" हे तिने कधी विचारायचं थांबवलं, तेही मला आठवत नाही. मला एवढंच दिसत होतं की वही स्वच्छ आहे. स्वच्छ वही म्हणजे काय, हे या तालुक्यात माझ्याइतकं कोणाला माहीत असणार होतं? तरीही मी ओळखलं नाही.

जानेवारीत गुरुजींनी सराव परीक्षा घेतली. पुढच्या मंगळवारी मी ओट्यावर बसले तेव्हा तिने इंग्रजीचा पेपर माझ्यापुढे उलटा ठेवला आणि स्वतः तांदूळ निवडायला बसली. मी तो सुलटा केला. पहिली दोन पानं लिहिलेली होती, सुंदर अक्षरात. पुढची सगळी कोरी. पत्र कोरं, उताऱ्याखालचे प्रश्न कोरे, चार ओळींचा निबंध कोरा.

"ताई, वेळ पुरला नाही का?"

"वेळ होता. अर्धा तास बसून होते नुसती."

"मग पत्र का नाही लिहिलंत? पत्र तर वहीत कितीदा लिहिलंय. प्रत्येकाला चांदणी आहे."

ती सुपातला खडा शोधत राहिली. "वहीतलं गाईडमधून उतरवलेलं हाय, मॅडम. दिवाळीआधीपासून."

मी पेपराची कोरी पानं पुन्हा उलटून बघितली.

"तुम्ही हुशार म्हणालात," ती म्हणाली, "चांदणी सिस्टरनापण दाखवली. मग तुमच्यासमोर चुका कशा करायच्या? म्हटलं, घरून बरोबर करूनच आणावं." तिने सूप खाली ठेवलं. "पेपरात गाईड नव्हतं. जे नक्की येत होतं ते लिहिलं. बाकी म्हटलं, चुकीचं लिहिण्यापेक्षा कोरं बरं. कोऱ्याला कोणी हसत नाय."

सुरूची झाडं, मांडीवरचा डबा, समोरून गेलेली गाडी, सगळं त्या ओट्यावर येऊन बसलं. ते वाक्य माझं होतं. मी ते तिच्यासमोर कधी उच्चारलं नव्हतं. पण लाल पेनाने दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुसरं काय लिहीत होते?

आतून सासूचा आवाज आला. "कोण चुकायला घाबरते? ही?" आणि ती हसत बाहेर आली, हात पिठाने भरलेले. "बाय, हिला विचार, लगीन होऊन आली तेव्हा चार महिने मला कय कय खायला घातलंन. भाकरी नव्हत्या त्या, नकाशे होते. एकीत समुद्र, एकीत डोंगर."

"आय, पुरे," ताई म्हणाली, पण तिच्या तोंडावर हसू आलं होतं. किती महिन्यांनी ते दिसलं.

"तुम्ही का खाल्ल्यात?" मी विचारलं. इतक्या महिन्यांत मी तिला विचारलेला हा पहिला प्रश्न असावा.

सासूने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पाणी ओलं का असतं ते विचारलं. नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी थापायला कठीण, तिने सांगितलं. तांदळाची सांभाळून घेते, नागलीची मोडतेच. म्हणून त्यांच्या घरात जी नवी शिकते तिची मोडकी भाकरी शिकवणारीच्या ताटात जाते. नवऱ्याच्या नाही, पोरांच्या नाही, तिच्या स्वतःच्याही नाही. या सासूच्या मोडक्या भाकरीही तिच्या सासूने खाल्ल्या होत्या.

"कुत्र्याला टाकली तर मला कसं कळेल कय चुकलं ते?" ती म्हणाली. "दातांखाली आली की कळते. पाणी गार होतं, का पीठ कमी मळलं, का खापरी तापली नव्हती. नि घरातल्या बाकीच्यांच्या ताटात गेली तर ते नाव ठेवतील. मग ही लपवून थापेल, चांगली तेवढी पुढे करेल, मोडकी चुलीत घालेल." ती खाली वाकून माझ्या हातातला पेपर बघायला लागली. तिला वाचता येत नव्हतं. पण कोरं पान कोणालाही वाचता येतं. "हिने तशी चुलीत घातलेली दिसते सगळी," ती म्हणाली.

मी मान खाली घातली.

"चल आत," ती मला म्हणाली. "आज मास्तरीण थापेल."

याआधी तिने मला कितीदा तरी बोलावलं होतं. "नको मावशी, मला आवडत नाही चुलीपाशी," असं मी प्रत्येक वेळी सांगितलं होतं. त्या दिवशी मी उठले. ताई माझ्या शेजारी बसली. तिने उकळत्या पाण्यात पीठ ओतून काठीने ढवळलं, परातीत काढलं आणि म्हणाली, "गरम हाय तोवरच मळा." मी बोटं लावून मागे घेतली, पुन्हा लावली, पुन्हा मागे घेतली. शेवटी गोळा झाला. दोन्ही तळव्यांच्या मध्ये तो फिरवत मोठा करायचा होता. कडा फाटत गेल्या. खापरीवर, म्हणजे त्यांच्या मातीच्या तव्यावर टाकताना भाकरीचा एक तुकडा माझ्या हातातच राहिला.

"हे बघ, गुजरातचा तुकडा वेगळा झाला," सासू म्हणाली. शेजारच्या वेवजी गावापलीकडे लगेच गुजरात लागतो, म्हणून.

मीही हसले. मग बघितलं, तर ताईने ताट घेऊन ती भाकरी, आणि हातातला तुकडासुद्धा, स्वतःपुढे ठेवला होता. मला शिकवणारी ती होती. तिने उडदाच्या डाळीत बुडवून घास घेतला आणि डोळे बारीक करून हळूहळू चावला. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. कोणी माझी चूक इतक्या लक्ष देऊन कधी खाल्ली नव्हती.

"पीठ ठीक हाय," ती म्हणाली. "तुम्ही हात लावू का नको असा विचार करत बसलात ना, तेवढ्यात ते गार झालं. म्हणून फाटली."

त्या दिवशी जाताना मी लाल पेन तिथेच मुलांना चित्रं काढायला ठेवलं. दिलेला खोडरबर परत घेतला. ताईला म्हणाले, "आता गाईड नको. जे मनाला येईल ते लिहायचं, आणि चुकलेली पानं मला द्यायची. मी घरी नेणार."

"नेऊन कय करणार?"

"चावून बघणार."

मी ती पानं खरोखर घेऊन बसायचे. तिच्या चुकांना वळण होतं. एक चूक तिच्या घरच्या बोलीतून आलेली असायची, दुसरी गुजराती दुकानदाराच्या बोलण्यातून, तिसरी घाईतून. काही तर माझ्या शिकवण्यातून आलेल्या असायच्या. ती हुशार आहे की नाही, याचा विचार करायला त्यात जागाच नव्हती. ही चूक कुठे सुरू होते, एवढंच शोधायचं असायचं. पण आमच्या हातात दोनच महिने होते.

मार्चमध्ये परीक्षा झाली. तिने सगळी पानं भरली. जूनमध्ये निकाल लागला. ती बाकी सगळ्या विषयांत पास झाली आणि इंग्रजीत थोडक्यात राहिली. सेविकाबाई ठरल्याप्रमाणे निवृत्त झाल्या आणि जागा त्याच गावातल्या दुसऱ्या पाड्यावरच्या बारावी झालेल्या सुनेला मिळाली. त्यात कोणाचा अन्याय नव्हता. नियम तसाच होता.

निकालानंतरच्या मंगळवारी मी गेले ते क्षमा मागायला. वाटेत वाक्य जुळवत होते. ओट्यावर बसून म्हणाले, "ताई, दिवाळीपासून जानेवारीपर्यंतचे महिने माझ्यामुळे गेले. ते मिळाले असते तर तुम्ही पास झाला असतात."

तिने नाकारलं नाही. तिने ओट्यावर चढलेली कोंबडी हाकलली. मग म्हणाली, "चांदणी मलापण हवी होती, मॅडम."

नऊ वर्षांची खिचडी, आणि आता नवी सेविका तिच्याहून आठ वर्षांनी लहान. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती आत गेली आणि वही घेऊन बाहेर आली. जुलैत फेरपरीक्षा होती.

"आता पास होऊन कय करशील?" सासू दारातून म्हणाली. तिचा आवाज टोचरा होता, पण दुःखीही होता. "जागा गेली. खिचडी इंग्रजीत ढवळणार?"

"ढवळीन," ताई म्हणाली. मग वही उघडता उघडता, आमच्या दोघींकडे न बघता, "अर्धं आलंय, आय. उरलेलं कसं हाय ते बघायचंय."

फेरपरीक्षा नेमकी भाताच्या आवणीत आली. घरातलं एकही माणूस शेतातून मोकळं होईना. ती पहाटे दोन तास रोपं लावून तलासरीच्या केंद्रावर आली, पायांच्या नखांत चिखल तसाच. मी फाटकाबाहेर छत्री धरून उभी राहिले. इतर मुलं बाहेर येऊन एकमेकांना उत्तरं विचारत होती. ती सगळ्यांत शेवटी आली.

"सगळं लिहिलं," ती म्हणाली. "पत्रात दोन ठिकाणी चुकले असणार. कुठे ते तुम्हाला पुढच्या खेपेला सांगते, आठवून."

ऑगस्टच्या शेवटी निकाल आला. ती पास झाली. पाड्यावर त्यामुळे काही बदललं नाही. ती अजूनही मदतनीस आहे, मुलांना गोळा करते, खिचडी शिजवते. गेल्या वर्षी, म्हणजे २०१९ मध्ये, मी तिला अकरावीचं पुस्तक नेऊन दिलं तेव्हा तिने ते मधूनच उघडलं आणि एक परिच्छेद मोठ्याने वाचायला घेतला. पाचव्या शब्दाला अडखळली. थांबली नाही.

पण मला निकालापेक्षा फेरपरीक्षेचा दिवस जास्त आठवतो. तिला झरीच्या गाडीत बसवून मी डहाणूला परतले, घरी आले तेव्हा बाबा पेपर वाचत बसले होते. मी छत्री दारात ठेवली आणि तिथेच उभी राहून म्हणाले, "बाबा, दोन वर्षांपूर्वी मी त्या बँकेच्या परीक्षेला गेलेच नव्हते."

बाबांनी पेपर खाली केला. आतून आईच्या भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला.

"मग दिवसभर कुठे होतीस?"

"पारनाक्याला. समुद्रावर."

"उन्हात?"

"सुरूखाली."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मला वाटलं ते आता 'का' विचारतील. त्याचं उत्तर मी जीपमध्ये मनातल्या मनात चार वेळा लिहून चार वेळा खोडलं होतं.

"डबा खाल्ला होतास का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "वाळूत पुरला."

ते उठले, माझ्याजवळ आले, आणि माझ्यासाठी खुर्ची ओढली. "बस," ते म्हणाले. "पहिल्यापासून सांग. जे येत नव्हतं तिथपासून."